टंग ब्लॉकिंग: माउथ ऑर्गनवाले पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न

शनिवारचा वर्ग संपला की फोनवर प्रश्न यायला लागतात, आणि त्यातले निम्मे जिभेचे असतात. तीच उत्तरं टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून सगळी एकदाच इथे लिहून ठेवतो आहे. प्रश्न आले तसेच ठेवलेत. एका उत्तराचं शेपूट दुसऱ्यात अडकलं असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. उदाहरणं १० होलच्या साध्या डायटॉनिकवरची आहेत, म्हणजे बटण नसलेला, एकाच पट्टीचा माउथ ऑर्गन; पट्टी सी, म्हणजे आपली पांढरी एक. फुंकलं की ब्लो, आत ओढलं की ड्रॉ. मधल्या सप्तकाचा सा म्हणजे ४ नंबरचा ब्लो.

१. टंग ब्लॉकिंग म्हणजे नेमकं काय हो? लोक नुसतं नाव घेतात.

तोंड मोठं उघडून एकदम तीन-चार होल ओठांत घ्यायची, जीभ पुढे करून डावीकडची होल झाकायची, आणि उजव्या कोपऱ्यातलं एकच होल उघडं ठेवायचं. हवा फक्त तिथूनच जाते, म्हणून एकच सूर वाजतो. उदाहरणार्थ १ ते ४ होल तोंडात, १-२-३ वर जीभ, वाजतो फक्त ४.

दुसरी पद्धत म्हणजे ओठांचा चंबू करून एकाच होलवर धरायचा. तिला पकर म्हणतात. बहुतेक जण तिथूनच सुरुवात करतात.

२. पकरने माझा एकेक सूर स्वच्छ येतो. मग जिभेचा हा खटाटोप कशाला?

नुसता एकेक सूर हवा असेल तर करूच नका. मी हे वर्गातही स्पष्ट सांगतो. टंग ब्लॉकिंगने सूर “जास्त भरदार” येतो असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यात थोडं तथ्य आहे, कारण जबडा खाली राहतो आणि तोंडाची पोकळी मोठी होते. पण घसा मोकळा ठेवून पकरने वाजवणाऱ्याचा सूरही तितकाच भरदार येतो.

खरी मजा जीभ उचलण्यात आहे. पकरमध्ये बाकीची होल ओठांबाहेर असतात. इथे ती तोंडातच आहेत, जिभेखाली दबून वाट बघत. जीभ क्षणभर उचलली की मागून कॉर्ड, म्हणजे एकदम तीन-चार सूर, वाजतो, परत टेकवली की एकटा सूर. एकट्या माणसाला सूर आणि ठेका दोन्ही एकाच वेळी मिळतात. तबल्याची उपमा द्यायची तर पकर म्हणजे नुसता दायाँ. जीभ आली की डग्गा येतो.

म्हणून शिकायचं ठरवलंत तर पहिल्या दिवसापासून जीभ उचलायची सवय ठेवा. महिनोन्महिने झाकूनच बसलात तर वाट लांबची आणि पोचलात तिथेच, असं होईल.

३. कुठल्या वाद्यावर शिकू? घरात बाबांचा जुना दोन ओळींचा आहे.

दोन ओळींचा म्हणजे बहुधा ट्रेमोलो. त्याच्यासाठी प्रश्न १८ पाहा, तिथली गणितं वेगळी आहेत. या पानावरचं सगळं जसंच्या तसं करून बघायचं असेल तर १० होलचा डायटॉनिक घ्या, सी पट्टीचा. मधली चौकट, जिला कोंब म्हणतात, ती शक्यतो प्लास्टिकची असू द्या. उघड्या लाकडाची चौकट ओलाव्याने फुगते आणि होलांमधल्या भिंतींच्या कडा बाहेर येतात. ओठांना त्याचं फारसं काही वाटत नाही, पण जीभ दिवसातून हजारदा त्याच कडांवरून घासली जाते. त्यातून आपल्याकडचा जुलै म्हणजे बोलायलाच नको.

४. पहिला स्वच्छ सूर काढायचा कसा? तीन दिवस झाले, नुसता गोंगाट येतोय.

तुम्ही बहुतेक आधी जीभ लावून मग फुंकताय. उलट करा. आधी फुंका.

१ ते ४ होल ओठांत घ्या. वाद्य खोल आत जाऊ द्या, ओठांची ओली आतली बाजू वरच्या-खालच्या पत्र्यावर टेकली पाहिजे. सावकाश फुंका. सा-ग-प-सा असा भरलेला कॉर्ड येईल. तो चालू ठेवा. आता कॉर्ड वाजत असतानाच जीभ हळूहळू पुढे आणा, जसं दार लोटून घेतो तसं. आधी आवाज दबेल, मग एकेक सूर गळत जाईल, आणि एका क्षणी उजव्या कोपऱ्यात एकटा सा उरेल. तो चार मोजेपर्यंत धरा, मग जीभ काढा. कॉर्ड परत आला पाहिजे. पुन्हा जीभ, पुन्हा सा. याच्यात फुंक कुठेही तुटता कामा नये.

कान अजून पक्का झाला नसेल तर आधी लक्ष्य ऐकून ठेवा. डाव्या हाताची बोटं १-२-३ होलांवर दाबून ठेवा आणि बाजूने ४ फुंका. हाच आवाज जिभेने काढायचा आहे. आमच्या वर्गात एक निवृत्त काका आठवडाभर या पहिल्या सुराशी झुंजत होते. बोटांनी ऐकल्यावर म्हणाले, “अहो, मी कधीच बरोबर वाजवत होतो, मला वाटत होतं अजून काहीतरी यायचंय.”

४ जमला की भूप घ्या. सा रे ग प ध सां म्हणजे ४ ब्लो, ४ ड्रॉ, ५ ब्लो, ६ ब्लो, ६ ड्रॉ, ७ ब्लो. सगळे सूर मधल्या पट्ट्यात आहेत आणि एकही वाकवावा, म्हणजे तोंडाने खाली उतरवावा, लागत नाही. आरोह-अवरोह विलंबित करा, आणि वाद्य सरकवा, डोकं नको. मधेच होल चुकलं तर जीभ उचलून कॉर्ड ऐका, आपण कुठे आहोत ते लगेच कळतं.

५. जिभेचं टोक लावायचं की जीभ सपाट ठेवायची?

टोक नको. टोक कडक होतं, कडक जीभ अरुंद होते आणि कडेने हवा निसटते. टोक किंचित खाली, खालच्या दातांच्या मागे वळू द्या आणि टोकाच्या जरा वरचा भाग होलांवर टेकवा. आइस्क्रीमचा कोन चाटताना जीभ जशी ढिली आणि रुंद पडते, तशी. दाब अगदी कमी लागतो. वाद्य ओलं आहे, जीभ ओली आहे, दोन्ही आपोआप चिकटतात. जोर लावलात तर जबडा पाच मिनिटांत थकेल.

६. जीभ बरोबर आहे तरी शेजारचा सूर मिसळतोच. का?

बहुतेकदा दोष जिभेचा नसतो, उजव्या कोपऱ्याचा असतो. ओठांचा उजवा कोपरा ढिला पडला की ४ बरोबर ५ पण आत येतं. गालात खळी पडेल इतपत तो कोपरा वाद्याला टेकवा. आणखी एक नेहमीची चूक म्हणजे वाद्य आडवं सरळ धरणं. मागची बाजू किंचित वर उचला, होलांचं तोंड जरा खाली कलू द्या. जिभेला बसायला सपाट जागा मिळते.

सूर मिसळत नाही, पण हवेचा फुसफुस आवाज येतोय? एका हाताने नाक दाबून वाजवून बघा. आवाज थांबला तर हवा नाकातून गळते आहे. गाणाऱ्यांना ही सवय हमखास असते.

७. लाळ फार येते. लाज वाटते चारचौघांत.

पहिले काही दिवस सगळ्यांनाच येते. तोंडात काहीतरी घातलं आहे, म्हणजे खायचंय, असं जिभेला वाटतं. दोन-तीन आठवड्यांत तिची समजूत पटते. तोवर मधे थांबून गिळा, ड्रॉ सुरांच्या वेळी वाद्य थोडं खाली कलतं ठेवा, आणि झाल्यावर होलांची बाजू खाली करून तळव्यावर हलके आपटा.

खरं सांगायचं तर लाळेपेक्षा कोरड वाईट. एकदा सोसायटीच्या गणपतीत स्टेजवर गेलो, समोर पाचशे माणसं, तोंडाला कोरड, आणि दुसऱ्याच ओळीत जीभ लाकडाला चिकटली ती उचलेचना. कॉर्ड यायच्या जागी शांतता. तेव्हापासून चढण्याआधी साध्या पाण्याचा घोट घेतो. चहाचा मात्र नाही. साखर रीडवर, म्हणजे आतल्या सूर देणाऱ्या पातळ पट्टीवर, बसली की सूर अडकतो, आणि मग वाद्य उघडून साफ करण्याशिवाय गत्यंतर नसतं.

८. जीभ सोलवटल्यासारखी झाली आहे. थांबू का?

हो, दोन दिवस थांबा. मग रोज १०-१५ मिनिटांच्या वर जाऊ नका. होलांच्या कडांवरून बोट फिरवून बघा. धारदार लागत असतील तर दोष वाद्यात आहे. तोंड आलेलं असताना जिभेचं काम बंदच ठेवा, पकरने भूप घोटा.

९. मी “त-त-त” म्हणून सूर तोडायचो. आता जीभ वाद्याला लावलेली, तोडू कसा?

हा मला सगळ्यात आवडणारा प्रश्न, कारण उत्तर आपण पहिलीत शिकलेलो असतो. जिभेचं टोक वाद्यावर गुंतलं म्हणजे त-वर्ग गेला, ट-वर्गही गेला. उरला क-वर्ग, कारण तो जिभेच्या मुळाशी तयार होतो, आणि उरला ह, जो घशातून येतो. टोक न हलवता “क-क-क” म्हणून बघा, आत्ता, वाचता वाचता. आलं ना?

भरभर सुरांसाठी “क-ग-क-ग”, हळुवार सुरुवातीसाठी “ह”. ड्रॉमध्ये हेच श्वास आत घेत म्हणायचं. सुरुवातीला ठसका लागतो. “क” जोरात मारलात तर सूर फाटतो, म्हणून नुसता स्पर्श करा, जसा घाईत बोलताना “पक्का” मधला पहिला क पुरता उच्चारलाही जात नाही. आणि तिसरा मार्ग जीभ उचलून टेकवण्याचा. तो पुढच्या उत्तरात.

१०. स्लॅप, स्लॅप म्हणतात ते काय?

सूर सुरू व्हायच्या आधी निमिषभर पूर्ण कॉर्ड वाजू द्यायचा आणि लगेच जीभ आपटून एकटा सूर ठेवायचा. कानाला कॉर्ड वेगळा ऐकू येत नाही, फक्त सुराला वजन येतं. प्रश्न ४ मधला व्यायाम वेगाने केला की झाला स्लॅप. शिकागोचे जुने ब्लूजवादक, म्हणजे लिटल वॉल्टर, बिग वॉल्टर हॉर्टन, हे याच्यावर जगले. एकटा माणूस वाजवतोय आणि मागे कोणीतरी ठोकतोय असं वाटतं ते यामुळे.

याचा उलटा प्रकारही आहे. सूर वाजत असतो, शेवटी जीभ झटक्यात उचलायची म्हणजे शेपटाला कॉर्ड फुटतो. आणि एक सूर धरून मात्रेमात्रेवर जीभ उचल-टेकव करत राहिलं की होतो व्हॅम्पिंग. केरवा त्याच्यावर छान बसतो. पाय हलवत करा, नाहीतर लय सुटते.

११. एकच सूर खालच्या-वरच्या सप्तकात एकदम वाजवता येतो म्हणे. मला काही ठिकाणी येतो, काही ठिकाणी बेसूर येतो. वाद्य खराब आहे का?

वाद्य ठीक आहे. जिभेची रुंदी चुकते आहे, आणि एका ठिकाणी तर तो सूरच नाही.

सप्तकाची जोडी काढताना जीभ मधे ठेवायची आणि दोन्ही कोपरे उघडे ठेवायचे. ब्लोमध्ये गणित सोपं आहे, सगळीकडे मधली दोनच होल झाकायची. १-४ सा, २-५ ग, ३-६ प, ४-७ पुन्हा सा, असं शेवटच्या ७-१० पर्यंत.

ड्रॉमध्ये गोंधळ. १-४ ला दोन्हीकडे रे मिळतो, मधे दोन होल. पण त्यापुढे अंतर एकाने वाढतं, मधे तीन होल झाकावी लागतात: ३-७ नि, ४-८ रे, ५-९ म, ६-१० ध. ब्लोच्या सवयीने जीभ दोनच होलांची ठेवलीत की ४-७ ड्रॉला रे आणि नि एकदम वाजतात. तो तुमचा बेसूर.

आता २ ड्रॉ. तो प आहे, आणि ड्रॉमध्ये दुसरा प अख्ख्या वाद्यात कुठेच नाही. त्यामुळे त्याची सप्तकजोडी होतच नाही. ब्लूजवाले तिथे २-५ ड्रॉ वाजवतात, म्हणजे प आणि वरचा म. त्यांच्या संगीतात ते खमंग लागतं. भावगीतात टाळा.

रुंदी बदलायची म्हणजे जीभ बारीक-जाड करायची, कोपरे ताणायचे नाहीत. ४-७ ब्लो, मग ४-८ ड्रॉ, हा एकच बदल रोज वीस वेळा करा. मला स्वतःला हा बदल न बघता जमायला एक पावसाळा गेला.

१२. आपली गाणी वाजवताना जीभ उचलली की कधी छान वाटतं, कधी भलतंच. असं का?

कारण तुमच्या जिभेखाली कुठला कॉर्ड दबला आहे हे वाद्य बनवणाऱ्याने ठरवलं आहे, गाण्याने नाही. ब्लोमध्ये कुठेही जीभ उचला, सा-ग-प. ड्रॉमध्ये १ ते ४ ला प-नि-रे, ४-५-६ ला रे-म-ध. युरोपातल्या लोकगीतांना आणि नाचाच्या चालींना डोळ्यांपुढे ठेवून ही रचना झाली. तिथल्या साध्या गाण्याला मुख्यतः सा-ग-प आणि प-नि-रे एवढंच लागतं.

आपल्या कितीतरी चाली मध्यमावर किंवा धैवतावर जाऊन बसतात. तिथे मागे म-ध-सा हवा असतो. तो या वाद्यात निघत नाही, कारण म आणि ध ड्रॉमध्ये आहेत आणि सा ब्लोमध्ये. एकाच वेळी श्वास घेता आणि सोडता येत नाही. म्हणून म किंवा ध वर थांबताना जीभ टेकवलेलीच ठेवा. सा, ग, प वर थांबलात की बिनधास्त उचला. एवढा एक नियम पाळला तरी नव्वद टक्के भलतंच वाटणं जातं.

आणि ज्या ओळीत मींड आहे तिथे कॉर्ड घालूच नका, हे माझं मत. वर्गात यावरून भांडणं झालेली आहेत.

१३. जीभ लावून बेंडिंग होतं का? यूट्यूबवर कोणी हो म्हणतं, कोणी नाही.

होतं. वर नाव घेतलेले शिकागोवाले जीभ लावूनही सूर वाकवायचे. पकरमध्ये जिभेचं टोक मागे-खाली ओढून सूर वाकवता. इथे टोक अडकलेलं आहे, म्हणून तेच काम जिभेच्या मागच्या भागाने करायचं, जिथे “ग” किंवा “ङ” उच्चारता तिथे. ड्रॉ सूर धरा, टोक जागेवर ठेवा आणि आतल्या आत “ई” वरून “ऊ” कडे जा.

६ ड्रॉपासून सुरू करू नका, तो लहरी आहे. ४ ड्रॉ घ्या, शुद्ध रे वरून कोमल रे. मग ३ ड्रॉ, तिथे जागा जास्त आहे. नि वरून कोमल नि, ध, कोमल ध अशा तीन पायऱ्या खाली जाता येतं, पण हव्या त्या पायरीवर थांबणं ही खरी परीक्षा. २ ड्रॉला प खालचे तीव्र आणि शुद्ध म मिळतात. खालच्या सप्तकात म आणि ध मुळातच नाहीत, ते असेच वाकवून काढायचे असतात. ५ ड्रॉच्या मागे लागू नका, तो अर्धा सूरही पुरता वाकत नाही.

आधी पकरने बेंड येत असेल तर फायदा होतो, कारण कानाला ठिकाण माहीत असतं. येत नसेल तर दोन्ही एकदम शिकू नका. हे वाचून “मला दोन्ही एकदम जमेल” म्हणणारे दर बॅचला दोन तरी निघतात.

१४. आणि ओव्हरब्लो?

मधल्या सप्तकातला कोमल ग बेंडने मिळत नाही, तो ४ चा ओव्हरब्लो, म्हणजे फुंकून काढलेला, त्या होलच्या नेहमीच्या दोन्ही सुरांच्या वरचा सूर. म्हणून भैरवी वाजवायला निघालेले इथवर येतात. जीभ लावून ओव्हरब्लो काढणारे आहेत, पण तो पकरने काढणं सोपं जातं. तेवढ्या सुरापुरतं पकरवर या, परत जिभेवर जा. बाटल्याचं पाप कुणी मोजत नाही. भैरवीच वाजवायची असेल तर मात्र क्रोमॅटिक, म्हणजे बटण दाबून सगळे कोमल-तीव्र सूर देणारा माउथ ऑर्गन, घ्या आणि सुखी व्हा.

१५. १ नंबरचं होल जिभेने कसं वाजवायचं? डावीकडे झाकायला काहीच नाही!

बरोबर पकडलंत. तिथे तोंडाचा डावा अर्धा भाग वाद्याच्या बाहेर जातो. जीभ वाद्याच्या डाव्या कडेवर टेकवायची, म्हणजे होल नसलेल्या भागावर, आणि उजव्या कोपऱ्यात १ उघडं ठेवायचं. डावा ओठ पत्र्याच्या टोकाला घट्ट लागला नाही तर हवा गळते. २ नंबरलाही थोडं असंच होतं. बरेच चांगले वादक १ पुरतं सरळ पकर करतात. मीही.

१६. जीभ नेहमी डावीकडेच का? उजवीकडे लावली तर?

लावा की. डावीकडे लावायचं कारण एवढंच, की खालचे सूर डावीकडे असतात आणि साथ खालून आलेली बरी वाटते. पण जीभ उजवीकडे लावून डाव्या कोपऱ्यातून सूर काढता आला की लांब उड्या सोप्या होतात. ४ ते ७ होल तोंडात ठेवा. जीभ ४-५-६ वर, वाजलं ७. जीभ ५-६-७ वर, वाजलं ४. सा वरून तार सा, वाद्य तसूभरही न हलवता. याला कोपरा बदलणं म्हणतात. पाश्चात्त्य शास्त्रीय रचना वाजवणारे क्रोमॅटिकवादक हे सर्रास करतात. पहिल्या वर्षात गरज नाही.

१७. माझ्याकडे १२ होलचा क्रोमॅटिक आहे. यातलं काय लागू पडतं?

प्रश्न ४ ते ९ जसेच्या तसे, फक्त भूपचे होल-नंबर सोडून, ते इथे वेगळे. सप्तकजोड्या तर इथे फारच सोप्या: ब्लो असो वा ड्रॉ, मधली तीनच होल झाकायची, १-५, २-६, ३-७, सगळीकडे तेच. कारण दर चार होलांनी तीच रचना परत येते. म्हणूनच ४ ब्लो आणि ५ ब्लो दोन्ही एकाच उंचीचे सा आहेत, तक्रार करू नका. होलही मोठी असतात, जीभ जरा रुंद लागते. स्लॅप मात्र जपून, विशेषतः बटण दाबलेलं असताना: मागचा कॉर्ड अख्खा अर्ध्या सुराने चढलेला असतो.

१८. मग बाबांच्या ट्रेमोलोचं काय?

तो फेकू नका. ट्रेमोलोत प्रत्येक सुराला दोन रीड असतात, एक किंचित चढी. त्यांच्या भांडणातून ती लहर येते. २४ घरांच्या वाद्यात ४८ रीड. इथे ब्लो आणि ड्रॉची घरं वेगवेगळी, एकाआड एक. त्यामुळे ओठांत दोन शेजारची घरं आली तरी फुंकताना एकच वाजतं, दुसरं गप्प बसतं. म्हणून ट्रेमोलोवर एकेरी सुरासाठी जीभ लागतच नाही. जीभ लागते ती साथीसाठी, आणि ती मजा अशी आहे की कित्येकांच्या वडिलांनी कुठलंही नाव माहीत नसताना ती आपसूक उचललेली असते. त्यांना विचारा, “बाबा, जीभ कुठे ठेवता?” आधी म्हणतील, “कुठे म्हणजे? काय प्रश्न आहे!” मग वाजवून बघतील आणि स्वतःच चकित होतील.

१९. जीभ पन्हाळीसारखी गुंडाळून वाजवतात तेही टंग ब्लॉकिंगच का?

नाही. त्याला यू-ब्लॉक म्हणतात. जिभेची पन्हाळ होलच्या खाली धरून त्यातून हवा सोडायची. बाकीची होल तोंडात मोकळी नसल्यामुळे प्रश्न २ मधला फायदा त्यात नाही. शिवाय अनेकांची जीभ अशी गुंडाळलीच जात नाही. नाही गुंडाळली तर काही बिघडत नाही, टंग ब्लॉकिंगला ती सपाटच हवी.

२०. मिशी आहे / दातांना क्लिप आहे / कवळी आहे. जमेल?

मिशी: जमेल, पण वाद्य खोल आत जातं, त्यामुळे वरच्या पत्र्याच्या कडेत केस अडकतो आणि असा काही उपटला जातो की डोळ्यांत पाणी येतं. ओठावरची ओळ कातरून ठेवा. क्लिप: जमेल, वरच्या ओठाआड मेण लावा. कवळी: घट्ट बसणारी असेल तर अडचण नाही, ढिली असेल तर “क-क-क” करताना ती ताल धरते.

२१. नातीला शिकवायचंय, आठ वर्षांची आहे. जीभ की ओठ?

दोन्ही नको. आधी कॉर्ड फुंकू-ओढू द्या, आगगाडी काढू द्या. मुलांचं तोंड लहान असतं, चार होल मावत नाहीत, तीन होल ओठांत घेऊन जीभ दोनच होलांवर ठेवायला शिकवा, तेही तिने विचारलं तर. तिचं वाद्य तिचंच ठेवा. जिभेचा संबंध आहे, भावंडांत फिरवू नका.

२२. किती दिवसांत येईल?

वर्गात बघितलेलं सांगतो. रोज पंधरा मिनिटं करणाऱ्यांना ४ वर एकटा सूर आठवड्याभरात, भूप महिन्याभरात, स्लॅप तीन-चार महिन्यांत. सप्तकजोड्यांचं वर सांगितलंच. आठवड्यातून एकदा दोन तास बसणारे मात्र दर वेळी प्रश्न ४ पासून सुरू करतात.

२३. पकर सोडून द्यायचं का मग?

अजिबात नाही. एकाच ओळीत दोन्ही वापरा, ऐकणाऱ्याला काय दिसतंय! मींडेची ओळ पकरने, मुखड्याचा ठेका जिभेने, परत पकर. अडचण फक्त बदलाच्या क्षणी येते, कारण पकरमध्ये ओठ पुढे असतात आणि इथे मागे पसरतात. तो बदल श्वासाच्या जागी करा. एक ओळ अशी, एक तशी, याचा एक व्हिडिओ मला पाठवा. उजवा कोपरा दिसेल असा कॅमेरा ठेवा, नुसतं कपाळ दिसतं त्यावरून मला काहीच सांगता येत नाही.